टोपीवरचं पांढरं

टिण्ण.

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला आणि घरातली मुकी दुपार दचकली. कामिनी स्वयंपाकघरात घोटलेलं वरण फडक्यातून गाळत होती. तिने फडकं तसंच पातेल्यात सोडलं, ओढणीला हात पुसले आणि पुढच्या खोलीत आली.

गेला महिनाभर या घरात कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. ललितला बोललं की गालापासून कानापर्यंत कळ जायची, म्हणून त्याने पेला-चमचा उशाशी ठेवला होता. तो बोलत नाही म्हटल्यावर बाकीच्यांचं बोलणंही आपोआप आटलं. सासूबाई देवापुढची घंटासुद्धा मुठीत दाबून नुसती हलवायच्या. पाच वर्षांची जानू तेवढी बडबडायची, पण तीही अंगणात जाऊन, केळीच्या खोडाशी.

"पाणी देऊ?" कामिनीने विचारलं.

ललितने मान हलवली आणि कपाटाच्या माथ्यावर बोट दाखवलं. तिथे कॅमेऱ्याची काळी बॅग होती. कारखान्याचा माणूस आठवड्याच्या सुट्टीला जसा आपल्या मशीनकडे बघत नाही, तसं त्याने महिनाभर तिकडे पाहिलं नव्हतं.

"तो कशाला आता?"

"शिकवतो," तो म्हणाला. शब्द तोंडातून ओला होऊन, वाकडा होऊन बाहेर आला. "तुला."

सावद्यात आणि आसपासच्या गावांत ललितला आडनावाने कुणी ओळखत नसे. शूटिंगवाला ललित. रावेर तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या कपाटात त्याने काढलेलं लग्न होतं. वराती रात्रभर चालायच्या. झोप येऊ नये म्हणून तो गुटख्याची पुडी गालात धरायचा, आणि डोळा कॅमेऱ्याला लावला की ती थुंकायचीही आठवण राहायची नाही. डाव्या गालात धरायचा. उजवा गाल कॅमेऱ्याला टेकायचा ना. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याच डाव्या गालात बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं होतं आणि मग त्याच्याऐवजी कामिनीकडे वळून सांगितलं होतं, "जबडा काढावा लागेल, जिभेचाही बराच भाग जाईल. जीव वाचवायचं बघू. बोलणं मात्र..." आणि त्यांनी फाईलचं पान उलटलं होतं. ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं होतं.

कामिनीने बॅग खाली काढली. तिला वाटलं, धंद्याचं बघतोय. पुढे लग्नसराई होती, तारखा दिलेल्या होत्या. जोडीदार धर्मेंद्र जळगावला कॉम्प्युटरवर बसून सगळं जोडायचा, पण एका कॅमेऱ्यावर तरी घरचं माणूस हवं. तिने विचारलं नाही. कॅमेरा हातात घेतला तर तो झोपलेल्या तान्ह्या बाळाएवढा जड लागला.

"पंचवीस," ललितने पडद्यावर बोट ठेवलं.

"काय पंचवीस?"

"सेकंदाला फोटो." तो थांबला, टॉवेलने लाळ टिपली. "पंचवीस पळाले. की माणूस हलतं."

"आणि शटर?"

"पन्नास. दुप्पट. कायम दुप्पट."

"जास्त ठेवलं तर?"

त्याने चाक फिरवून दोनशे केलं आणि कॅमेरा भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे वळवला. पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले, एकामागून एक. समोरची ट्यूब मात्र साधी, गपगुमान जळत होती.

"अगं बाई! हे कुठून आले?"

"असतातच. आपल्याला दिसत नाहीत. आपली लाइट पन्नासची, म्हणून शटर पन्नास."

असं रोज चालायचं. जानू झोपली की, किंवा सासूबाई तिला घेऊन मळ्यात गेल्या की, टिण्ण. मग एकेक बटण. तो शब्द काटकसरीने वापरायचा, पण एखादी गोष्ट फारच आवडीची असली तर हिशोब विसरायचा आणि नंतर डोळे मिटून भिंतीला डोकं टेकवायचा.

"अंधार पडला की आयएसओ चढवावासा वाटतो. चढवू नको. दाणे येतात."

"कसले दाणे?"

"रव्यासारखे. नवरीच्या चेहऱ्यावर."

"म्हणजे तिखटासारखं म्हणा. हात आखडता बरा." बोलून गेल्यावर कामिनीने जीभ चावली. तिखट या घरात होळीनंतर शिजलंच नव्हतं. भरताच्या वांग्याचा नुसता वास आला तरी तो तोंड फिरवायचा. पण तो हसला, अर्ध्या तोंडाने. त्याचं हसू आता उजवीकडेच उगवायचं.

एक गोष्ट सांगताना तो जवळपास पहिल्यासारखा झाला. मांडवातल्या पांढऱ्याची.

"हळदीला सगळं पिवळं. लाइट पिवळी, माणसं पिवळी. कॅमेरा वेडा होतो. त्याला पांढरं दाखवायचं. हे पांढरं, बाबा. मग तो बाकीचे रंग नीट धरतो."

"मांडवात पांढरं कुठे शोधू?"

"नवरदेवाचा आजा. त्याची टोपी. आधी पाया पड. म्हण, आबा, जरा इकडे बघा. टोपीवर धर. हे बटण दाब."

"आणि आजा नसला तर?"

"कुणाचा तरी असतो."

दोघं हसले. दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काय व, त्याले बोलवून राह्यली उगीच? डॉक्टरनं काय सांगलं होतं?"

"मीच बोलतो, आई," ललित म्हणाला.

"तूच बोलतो, अन् रात्री तूच कण्हतो. आमचे कान नाहीत का?" पण त्या गेल्या नाहीत. कामिनीने कॅमेरा त्यांच्यावर धरला तसा पटकन पदर डोक्यावर ओढला, आणि "माझं कशाला व माय, मशणात लावायचं का?" म्हणत तिथेच, चौकटीत, नीट उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी कामिनीला पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण दिसली. इवलासा माइक आणि त्याच्यावरून तिरकी रेघ.

"हे काय?"

ललितचा गाल तोवर तापला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. "धर्मेंद्र," एवढंच तो म्हणाला आणि हवेत बोटांनी ढोल बडवल्यासारखं केलं. म्हणजे गाणी. म्हणजे ते धर्मेंद्रकडचं काम. कामिनीने मान डोलावली. शूटिंगला आवाज कुठून येतो हे तिला का माहीत नव्हतं? तिच्या स्वतःच्या लग्नाच्या सीडीत पहिल्या अक्षतेपासून शेवटपर्यंत गाणीच होती. पाठवणीला तिची आई दोंडाईच्याच्या स्टेशनवर हंबरडा फोडून रडत होती आणि सीडीत बासरी वाजत होती. काढलेलं शूटिंग ललित घरी कॅमेऱ्यावर बघायचा ते नेहमी मुकंच. आवाज मागून येतो, जळगावहून येतो, हे त्या घरात भाकरीवर पापुद्रा येण्याइतकं सरळ होतं. त्याबद्दल कुणी वेगळं काही बोलत नसे.

शनिवारी कामिनीने जानूला झोका खेळताना घेतलं. ललितने ते पडद्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि डोळ्यांनी शाबासकी दिली. मग पेल्यावर चमचा न वाजवता, तिचा हात धरून तिला खाटेवर बसवलं.

"माझं एक काढून दे."

"काय?"

"मी. बोलताना." तो भिंतीकडे बघत होता. तिथे जानूच्या बारशाचा मोठा फोटो होता: कामिनी, सासूबाई, आत्या, पाळणा. ललित त्यात नव्हता. तो कुठेच नव्हता. तालुक्यातल्या एवढ्या मांडवांत फिरला, पण काय तर एखाद्या भिंतीवर पडलेली सावली, आणि स्टीलच्या भांड्यात वाकडा दिसणारा कॅमेरावाला. "सोमवारनंतर आवाज नाही. तिला कळायला नको का, बाप कसा बोलायचा? मोठी झाली की दाखव. दहावी झाली की."

कामिनीला आता कळलं, तो धंद्यासाठी शिकवत नव्हता. एवढे दिवस आपण शिकत होतो ते हे एकच काढण्यासाठी.

"तुम्ही बरे व्हाल. थोडं थोडं बोलाल."

"कामिनी."

"काय?"

"पंचवीस-पन्नास विसरू नको."

रविवारी सकाळी तिने तयारी केली. धुळ्याची गाडी दुपारची होती, पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. सासूबाईंनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, "मोबाइलवर घे ना व, दोन मिन्टात होते. एवढा कारभार कायले?" त्यावर ललितने इतक्या जोरात मान हलवली की त्याला गाल धरावा लागला. मोबाइल पडतो, फुटतो, नवा आला की जुना पोरांच्या खेळात जातो. आणि जन्मभर लोकांना या कॅमेऱ्यात धरून ठेवणारा माणूस स्वतः मोबाइलमध्ये कसा बसेल? हे तो बोलला नाही, पण कामिनीला ऐकू आलं.

तिने खाट खिडकीशी सरकवली. उन्हाचा कवडसा चेहऱ्यावर थेट पडू नये म्हणून जुनं पातळ धोतर खिडकीला लावलं. तिवईवर कॅमेरा बसवला, पाय घट्ट केले. पंचवीस. पन्नास. आयएसओ खालीच. त्याने गालावर धरायला धुतलेला टॉवेल घेतला होता. पांढरं तिने त्या टॉवेलवर जुळवलं. मग फोकस. माणसाचा फोकस डोळ्यावर, कपड्यावर नाही, असं त्याने शिकवलं होतं. तिने पडद्यावर त्याचा उजवा डोळा मोठा करून पाहिला. पापणीचा केस न् केस वेगळा दिसेपर्यंत रिंग फिरवली. त्या डोळ्यात खिडकी होती, आणि खिडकीत ती स्वतः, मोहरीएवढी.

"तू बाहेर जा," तो म्हणाला. "तू समोर असलीस की नाही जमणार."

"आणि मी ऐकायचं नाही?"

"तिच्याबरोबर ऐक."

तिने लाल बटण दाबलं. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकायला लागला. ती दाराकडे वळली तेवढ्यात मागून त्याने सगळं नीट आहे ना ते विचारलं, तिच्या माहेरच्या बोलीत, लग्न झाल्यापासून तिला चिडवायचा तसं:

"बठ्ठं बराबर शे का?"

"शे," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

ओसरीत सासूबाई जानूला वेणी घालत होत्या. आतून त्याचा आवाज यायला लागला. शब्द नव्हे, नुसती गुणगुण, अडखळत, थांबत. दाराला कान लावला असता तर कळलं असतं. कामिनीला मोह झाला नाही असं नाही. पण त्याने सांगितलं होतं, तिच्याबरोबर ऐक. तिने मोरीतला नळ सोडला, बादली खाली ठेवली, आणि बादली भरून वाहायला लागली तरी बंद केला नाही. वर दोन्ही कानांत बोटं घातली.

"मम्मी, पाणी!" जानू ओरडली असावी. तिचं तोंड नुसतं उघडलेलं दिसलं.

बऱ्याच वेळाने बोटं सैल केली तेव्हा आतून आलं: टिण्ण.

तो भिंतीला टेकून बसला होता, घामाने भिजलेला, टॉवेल गुलाबी झालेला. पण चेहऱ्यावर काम संपवून आलेल्या माणसाचा थकवा होता. कामिनीने कॅमेरा बंद केला, कार्ड काढलं, जानूच्या बाळलेण्यांच्या डबीत ठेवलं आणि डबी कपाटात कुलूप लावून ठेवली. मग ते धुळ्याला गेले.

ऑपरेशन झालं. जेवढं काढायचं होतं तेवढं काढलं, असं डॉक्टर म्हणाले. नंतर छातीत पाणी झालं. गळ्यात नळी, नाकात नळी, हाताला सुई. एकदा शुद्धीत असताना त्याने कामिनीकडे बघून हवेत बोटाने एक चौकोन काढला. "ठेवलंय," ती म्हणाली. "जानूच्या डबीत. कुलूप लावून." त्याने डोळे मिटले. त्याच्यानंतर त्याने काही विचारलं नाही. त्याला सावद्याला आणलं ते रुग्णवाहिकेतून, आणि रस्त्यात एका गावात लग्नाची वरात लागली म्हणून गाडी थांबली. डीजेच्या दणक्याने गाडीच्या काचा थरथरत होत्या. कामिनी त्याच्या पायांवर हात ठेवून बसली होती, ते पायही थरथरत होते. क्षणभर तिला वाटलं... मग डीजे पुढे गेला.

सुतक फिटलं, गंधमुक्तीला धर्मेंद्र आला. जेवणाच्या पंगतीत त्याने कामिनीकडे मान वर करून पाहिलं नाही. निघताना दाराशी घुटमळला. "वहिनी, सराई तोंडावर आहे. ललितभाऊ म्हणायचा, तिला येतं. तुम्ही म्हणाल तसं."

"येते मी," कामिनी म्हणाली.

पहिलं लग्न फैजपूरकडचं होतं. सकाळी हळद, दुपारी लग्न. कामिनीने साधा ड्रेस घातला, केस घट्ट बांधले. मांडवात पाय ठेवला तशी एक ठसठशीत बाई, नवरदेवाची मावशी असावी, धर्मेंद्रला बाजूला घेऊन म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय रे, गावात दुसरं कोणी मिळालं नाही का? हळदीच्या दिवशी हे असं माणूस?"

"अक्का, कॅमेऱ्याच्या पुढचं शूटिंगमध्ये येतं," धर्मेंद्र म्हणाला. "मागचं कोण बघतं?"

"बघायला नको, पण सावली पडते ना!"

कामिनीने ऐकलं आणि नवरदेवाचा आजा शोधला. तो कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, टोपी कडक, निळीत काढलेली. ती त्याच्या पाया पडली. "आबा, जरा इकडे बघा." आजोबांनी छाती पुढे काढली, मिशा सारख्या केल्या. "मी कशाला बाई, नवरदेव तिकडे शे." त्यांच्या तोंडून तो 'शे' ऐकून तिने त्यांच्याकडे पुन्हा नीट पाहिलं. ते तिच्या माहेरच्या अंगाचे असावेत. तिने टोपीवर कॅमेरा धरला, बटण दाबलं, आणि पडद्यातला सगळा पिवळा आजार उतरला. माणसं माणसांच्या रंगाची झाली.

दुपारपर्यंत तिचा हात बसला. मंगलाष्टकं सुरू झाली तशी धर्मेंद्र एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. डीजेवाल्याने मध्येच आवाज चढवला, फटाक्यांची माळ लागली. मावशी कुणावर तरी खेकसत होती, भटजींचा माइक चिरकत होता. कामिनीच्या मनात साधीच काळजी आली. धर्मेंद्र जवळ सरकला तसं तिने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं, "एवढ्या गोंगाटात आवाज खराब नाही का येणार हो?"

"कसला आवाज?"

"कॅमेऱ्यातला!"

"कॅमेऱ्यात आवाज असतोच कुठे, वहिनी?" तो हसून ओरडला. "बंद असतो! ललितभाऊनं पहिल्या दिवसापासून बंद केलेला आहे. तो माइक बघा ना, रेघ मारलेला. लग्नात कोण आवाज घेतं? आपण गाणी टाकतो!"

अंतरपाट दूर झाला. अक्षता पडल्या. नवरीने मान वर केली, आणि तो क्षण, ललित म्हणायचा, एकदाच असतो, तो चुकला की परत फी दिली तरी नवरी तशी बघत नाही. कामिनीचा डोळा कॅमेऱ्याला होता. फोकस नवरीच्या डोळ्यावर. कोपऱ्यात तो इवलासा माइक होता, त्याच्यावरून तिरकी रेघ. पंचवीस. पन्नास. तिचे हात हलले नाहीत. नवरी हसली, नवरदेव हसला, हार पडले, सगळं एकदम स्थिर, एकदम स्वच्छ आलं. फोटो काढून घ्यायला आलेली माणसं पांगल्यावरच ती मांडवाच्या कनातीमागे गेली आणि तिथे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी, खाली बसली.

धर्मेंद्रला तिने त्या रविवारच्या शूटिंगचं सांगितलं तेव्हा त्याला आधी समजलं नाही, मग समजलं. "आणता येत नाही का?" तिने विचारलं. "तुम्ही कॉम्प्युटरवर... मागून..."

"जो घेतलाच नाही तो कुठून आणू, वहिनी?"

तो तिला मोटारसायकलवर सावद्यापर्यंत घेऊन आला. दाराशी उतरल्यावर त्याने आपला मोबाइल काढला, बराच वेळ बोटाने वर वर सरकवत राहिला. ललित फोन करायचा, आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवायची सवय त्याला नव्हती. पण एक निघाला, मागच्या दिवाळीनंतरचा. धर्मेंद्रने तो तिच्या मोबाइलवर टाकला आणि मान खाली घालून गेला. कामिनीने दाराशी उभ्यानेच लावला.

"धर्म्या, बॅटरी चार्जिंगला लावली का? मागच्यासारखं करू नको."

एवढंच. आवाज भरदार, सरळ, तोंड धड असतानाचा. मागे कुठेतरी बकरी ओरडत होती.

दिवेलागणीची वेळ होती. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या, घंटा हातात धरून. कामिनीने कपाट उघडलं, डबी काढली. दहावी झाली की, असं त्याने सांगितलं होतं. तो शब्द तिने कधी मोडला नसता. पण आता त्यात राखून ठेवायचं काय होतं? की धर्मेंद्रला चुकीचं माहीत असेल? त्या एका दिवशी चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल? तिने कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि खाटेवर, त्याच जागी, खिडकीशी बसली.

"मम्मी, काय बघते?" जानू येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली.

पडद्यावर पप्पा आला.

"पप्पा!" जानूने टाळी वाजवली.

किती छान आलं होतं. धोतरातून गाळून आलेला उजेड, टॉवेल दुधासारखा पांढरा, डोळ्यांतली खिडकी. भुवईतला एकेक केस मोजून घ्यावा असा. त्याने दाराकडे पाहिलं, दार मिटेपर्यंत थांबला, आणि बोलायला लागला. गालावर धरलेल्या टॉवेलने अर्धं तोंड झाकलेलं होतं, उरलेले अर्धे ओठ हलत होते, सुजलेले, एकमेकांना धड न जुळणारे.

"आवाज मोठा कर ना, मम्मी."

कामिनीने चाक फिरवलं. बटणं दाबली. कॅमेरा कानाला लावला. मग पुन्हा समोर धरला आणि त्याच्या ओठांकडे बघायला लागली. जानू म्हणताना ओठ मिटत नाहीत, ही गोष्ट तिच्या आज ध्यानात आली. म्हणजे त्याने पोरीचं नाव किती वेळा घेतलं असेल ते ओठ सांगणार नव्हते. कामिनी म्हणताना मिटतात. मिटत तर होते. पण मम्मी म्हणतानाही मिटतात, आणि कळ आली तरी मिटतात.

तो थांबला. पाणी प्यायला. टॉवेलची घडी बदलली. दोन्ही हातांनी काहीतरी दाखवलं, एवढं, एवढुसं, जसं कुणी बाळाचं माप दाखवतं. आणि मग एकाएकी हसला. अर्ध्या तोंडाने, पण पोटापासून. खांदे हलले. हसता हसता डोळे पुसले, कॅमेऱ्यात पाहिलं, आणखी एक वाक्य बोलला, आणि चमचा उचलून पेल्यावर मारला. चमचा पेल्याला लागला, उडाला, पुन्हा लागला. काही वाजलं नाही. मग पडद्यात दार उघडलं आणि ओल्या हातांची कामिनी कॅमेऱ्याकडे चालत आली, जवळ आली, सगळा पडदा तिच्या तळव्याने भरला.

देवघरात सासूबाई तशाच बसून होत्या. जानू अजून हसत होती, पप्पा हसला म्हणून, त्याच्यासारखीच खांदे हलवत. हसू संपल्यावर तिने आईचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला.

"मम्मी, पप्पाला कशाचं हसू आलं होतं?"